तारळेकरची बंडी

"काका, तुम्ही जरा त्यांचा हात सोडता का?"

निशिगंधा हुक्केरी मला अगदी नम्रपणे म्हणाली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातल्या लांबलचक व्हरांड्यात मी तारळेकरचा हात धरून उभा होतो. रोजच असायचो. तारळेकरला जन्मापासून दिसत नव्हतं. आमच्याकडे तो टेलिफोन ऑपरेटर होता आणि मी आस्थापना शाखेत क्लार्क. चहाची वेळ झाली की मी त्याच्या खोलीत जायचं, हात द्यायचा आणि त्याला कँटीनला घेऊन जायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की हात सोडा म्हणणारं कुणी भेटेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"सोडतो की," मी म्हणालो. "पण धडपडले तर जबाबदारी तुमची."

"धडपडणार नाहीत. बंडी आहे ना."

त्या वस्तूला ती मुलगी इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव सांगायची. ऑफिसनं पहिल्याच दिवशी तिचं नाव बंडी ठेवून टाकलं, कारण दिसायला ती बंडीच होती. करड्या रंगाची, बिनबाह्यांची, पुढे चेन. फरक एवढाच की तिच्या कापडात साध्या दोऱ्याबरोबर वीज वाहून नेणारा धागा विणलेला होता आणि दोन्ही खांद्यांवर, पाठीत, नाण्याएवढ्या चकत्या शिवलेल्या होत्या. त्या मोबाइल थरथरतो तशा थरथरायच्या. उजवा खांदा थरथरला की उजवीकडे वळायचं, डावा थरथरला की डावीकडे, पाठीत थरथरलं की सरळ चालायचं. व्हरांड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत तिनं काडेपेटीएवढ्या डब्या चिकटवल्या होत्या. माणूस कुठं पोचलाय हे त्या डब्या बंडीला कळवायच्या. फोनमधला नकाशा रस्त्यावर चालतो, इमारतीच्या आत आलं की तो आंधळा होतो, असं निशिगंधानं आमच्या घोरपडेसाहेबांना समजावून सांगितलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजात वस्त्रविभाग होता, तिथं ती पीएच.डी. करत होती. साहेबांना नवीन काही दिसलं की हुरूप यायचा. त्यांनी तिला पंधरवडाभर ऑफिस मोकळं करून दिलं.

सुरुवात करण्याआधी तिनं तारळेकरला विचारलं होतं, "तुम्हाला बंडीशिवाय, कुणाच्या मदतीशिवाय किती जाता येतं?"

तारळेकरनं तोंड उघडण्याआधी मीच बोललो. "एक पाऊल नाही. मी असतो म्हणून चाललंय."

तारळेकर किंचित हसला. "खोत सांगतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. तिनं तसं लिहून घेतलं.

तर मी हात सोडला. तारळेकर थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग पाठीत काहीतरी झालं असणार, तो चालायला लागला. व्हरांडा संपतो तिथं क्षणभर थांबला, उजवीकडे वळला, आणि दिसेनासा झाला. मी आपला रिकामा हात घेऊन उभा. कुठं ठेवावा ते कळेना, शेवटी खिशात घातला.

तारळेकर गेल्या वर्षी गेला, म्हणून हे सांगायला बसलोय. तो असता तर त्यानंच सांगितलं असतं, आणि माझी भरपूर टिंगल करून सांगितलं असतं.

तो आमच्याकडे बदलून आला त्याच साली माझी बायको, मालू, वारली. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य आटोपलं आणि मी ऑफिसला रुजू झालो, कारण घरी बसून करायचं काय. लोक यायचे, खांद्यावर हात ठेवायचे, "चालायचंच" म्हणायचे. मला तो शब्द ऐकला की डोकं उठायचं. मी बोलणंच बंद केलं. फायली वर-खाली करायच्या, संध्याकाळी घरी जायचं. चहाच्या वेळेला सगळे कँटीनकडे गेले की मी मागच्या जिन्यात जाऊन उभा राहायचो. कुणी विचारलंच तर हवा खायला गेलो होतो म्हणून सांगायचो.

असाच एकदा जिन्याकडे निघालो होतो, तर टेलिफोनच्या खोलीच्या दारात तारळेकर उभा. "कोण चाललंय? जरा कँटीनपर्यंत सोडता का? नवीन आहे मी इथं."

आंधळ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी हात दिला. त्यानं हात घट्ट धरला आणि लगेच बडबड सुरू केली. कोणत्या साहेबाचा आवाज कसा आहे, कोण फोनवर बायकोशी गोड बोलतो आणि कोण भावाशी भांडतो. कँटीनला पोचेपर्यंत मी त्याच्याशी दोन वाक्यं बोललो होतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात उभा. तेव्हापासून ते चालूच राहिलं.

आमची इमारत म्हणजे एक प्रकरणच होतं. जुन्या इमारतीला नवी जोडलेली, नवीला पत्र्याची शेड जोडलेली, मधे तीन वळणं, आणि एका वळणावर तर कुणीतरी लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं, ते कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रोज म्हणायचो, "कपाट आलं बरं का." आणि तो रोज म्हणायचा, "बरं झालं सांगितलंत." मग आम्ही कपाटाला वळसा घालायचो. कँटीनला तो भडंग घ्यायचा, मी वडा. तो पैजेवर ओळखायचा की आज वडा तळणारी बाई चिडलेली आहे की नाही. वांग्याचा भाव, त्याच्या लेकीचं गाणं, माझ्या गावच्या जत्रेतली कुस्ती, जगातलं सगळं बोलून झालं त्या वाटेवर. फक्त मालूबद्दल मी कधी बोललो नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

खरं सांगू? दिवसभरात मी कुणाच्या उपयोगी पडतो असं वाटण्याची ती एकच वेळ होती. फायली माझ्याशिवायही हलल्या असत्या. घरी तर कुलूपच होतं. पण चहाच्या वेळेला तारळेकर माझी वाट बघत असणार, आणि मी नाही गेलो तर त्याचा चहा बुडणार, एवढ्यावर मी सकाळी दाढी करायचो.

आणि आता ही बंडी आली होती.

त्या दिवसांत मला मागून चालायला सांगितलं होतं, तेही अंतर ठेवून आणि तोंड मिटून. "तुम्ही बोललात तर ते तुमच्या आवाजावर चालतील," निशिगंधा म्हणायची. म्हणजे माझं बोलणंही बंद. तारळेकर पुढे, त्याच्यामागे हातात टॅबलेट घेऊन ती, तिच्यामागे मी, वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखा. कपाट आलं की माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा, तो मी दातांखाली धरायचो. तारळेकर कपाटाला अलगद वळसा घालून जायचा.

"कसं वाटतं काका?" ती विचारायची.

"गुदगुल्या होतात," तारळेकर म्हणायचा. "बायको खूश होईल. म्हणेल, चला, एवढ्या वर्षांनी कुणीतरी तुमच्या खांद्याशी खेळतंय."

ती हसायची. मला हसू यायचं नाही. मी मनातल्या मनात म्हणायचो, बिघडू दे. एखादा धागा तुटू दे, पावसात भिजू दे, काहीही होऊ दे. मुलगी चांगली होती, कष्टाळू होती, तिचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. पण बंडी पास झाली की माझं काय राहत होतं? घोरपडेसाहेब एकदा जाता जाता म्हणाले, "काय खोत, सुटलात की आता." ते चांगल्या मनानं म्हणाले, पण मी फायलीत डोकं घातलं.

शेवटच्या आठवड्यात वरून मोठे अधिकारी बघायला येणार असं ठरलं. निशिगंधानं त्याआधी नवीन बंडी आणली. जुनीच्या चकत्या तारळेकरला टोचत होत्या.

"आईनं शिवलीय ही," ती म्हणाली. "आई घरी ब्लाउज शिवते. मी तिला एवढंच सांगितलं होतं की आतून टोचता कामा नये. तिनं दोन्हीकडून अस्तर लावलं, सगळ्या शिवणी आत लपवल्या, चेनसुद्धा दुहेरी लावली."

तारळेकरनं बंडी हातात घेऊन चाचपली. "वा. आईला सांगा, एक दोरा हाताला लागत नाही." मग त्यानं ती स्वतःच अंगात घातली.

रंगीत तालीम म्हणून पुन्हा कँटीनचीच वाट घेतली. त्या दिवशी तारळेकर रंगात होता. निशिगंधाला तो तिच्या आईचा आवाज कसा असेल ते सांगत होता. चालता चालता पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, कपाटाला वळसा घातला, तिसरं वळण घेतलं आणि कँटीनच्या दारात जाऊन उभा राहिला. "आलो. भडंग कोण देतंय?"

निशिगंधा टॅबलेटकडे बघत होती, मग तारळेकरच्या खांद्याकडे. पुढे झाली आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून हात फिरवला.

"आईनं उजव्या खांद्यावर बाहेरून लाल टाका घातला होता, मला ओळखू यावं म्हणून," ती म्हणाली. "तो दिसत नाही." तिनं बंडीच्या आत बोटं घातली, डाव्या खांद्याशी. "हा बघा. आत गेलाय. काका, तुम्ही बंडी उलटी घातलीय."

"मग बिघडलं काय? आईनं दोन्हीकडून सारखीच केलीय," तारळेकर म्हणाला.

"उलटी घातली की उजव्या खांद्याची चकती डाव्या खांद्यावर येते." ती हळूहळू बोलत होती, स्वतःलाच समजावल्यासारखी. "म्हणजे प्रत्येक वळणावर तुम्हाला उलटा इशारा गेला. उजवीकडे वळायचं होतं तिथं डावा खांदा थरथरला. आणि तुम्ही तरी उजवीकडेच वळलात. तिन्ही वळणांवर."

तारळेकर बंडीच्या चेनशी चाळा करत राहिला.

"काका, तुम्हाला ही वाट आधीपासून येते?"

"येते," तो म्हणाला.

"पण पहिल्या दिवशी तुम्ही..." तिनं माझ्याकडे बघितलं. मी कुठं बघू ते मला कळेना. "अहो, मग माझी कँटीनची सगळी नोंद बाद झाली."

"चूक झाली, पोरी. माफ कर. मला न येणारी वाट दे. वरच्या मजल्यावर रेकॉर्डरूम आहे, नव्या इमारतीत. तिथं मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो. त्या दिवशी साहेबांसमोर तिथंच चालव मला."

तिनं मान डोलावली. वरच्या मजल्यावर डब्या लावायला ती निघून गेली. जाताना बंडी घेऊन गेली.

आम्ही दोघं उरलो.

"कधीपासून येते वाट?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि कपाट?"

"कपाटही. अहो खोत, कपाट चुकवायला काय लागतं. त्याच्याजवळ आलं की आवाज बदलतो."

माझे कान तापले. कपाट आलं बरं का. बरं झालं सांगितलंत. इतकी वर्षं, रोज. वर मी घरी जाऊन अंथरुणावर पडलो की स्वतःला बजावायचो, आपण एका माणसाला सांभाळतो.

"मग मला कशाला बोलावत होतात?"

"माझ्या खोलीला लागून मागचा जिना आहे," तारळेकर म्हणाला. नेहमीचा खट्याळपणा त्याच्या आवाजात नव्हता. "तुम्ही चहाच्या वेळेला तिथं येऊन उभे राहायचात. भिंत पातळ आहे, खोत. मला ऐकू यायचं. एक दिवस ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं. माणूस तोंडात रुमाल कोंबून रडतो त्याचाही आवाज येतो. आत येऊन चार शब्द बोललो असतो तर तुम्ही मला हाकलून दिलं असतंत. म्हणून म्हटलं, कँटीनपर्यंत सोडा."

कुणीतरी भर बाजारात अंगावरचं धोतर ओढावं तसं मला झालं. त्या जिन्यात मी काय करत होतो हे या जगात मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी समजून चाललो होतो.

"म्हणजे माझी दया आली तुम्हाला."

"दया नव्हे हो. ऐका तरी..."

"काही ऐकायचं नाही. जा आता तुमचे तुम्ही. वाट येते ना?"

तो वळला आणि चालायला लागला. त्याला एकटं, बंडीशिवाय चालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भिंतीला हात नाही, काठी नाही, पाऊल अडखळत नाही. कपाटाशी आपसूक वळला आणि गेला. आणि हा माणूस माझ्या चालीनं, मी थांबेन तिथं थांबत, इतकी वर्षं चालत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी खुर्चीवरून उठलो नाही. शाखेतले सगळे गेले. पंखा फिरत होता. मी एक फाइल उघडली आणि त्याच पानावर बसून राहिलो. दारात पावलं वाजली की बघायचो. तारळेकर आला नाही. मीच जा म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशीही तसंच. राग कधीच ओसरला होता. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. उद्या आपण ऑफिसला आलोच नाही तर कुणाचं काय अडेल, असा विचार मी करत बसलो आणि एकही नाव आठवेना. मालू गेल्यावरचे दिवस परत आले होते. या वेळी मी जिन्यातही जाऊ शकत नव्हतो.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी साहेब लोक आले. गाड्या, हारतुरे, फोटो काढणारा. मी गर्दीच्या पार मागे उभा राहिलो. संपलं की गुपचूप सटकायचं असं ठरवूनच आलो होतो. निशिगंधानं स्वतः लाल टाका तपासून तारळेकरला बंडी घातली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दुसऱ्या ऑफिसांत तिची बंडी चांगली चालली होती, पण पुढे बंड्या बनवायची मंजुरी या साहेबांच्या हातात होती.

तारळेकर निघाला. या वाटेवर त्याची चाल वेगळी होती, हे मला मागूनही कळलं. पाय जपून टाकत होता, हात पुढे, मान जराशी तिरकी, सगळा जीव खांद्यांत गोळा केलेला. जिन्याशी थांबला, कठडा सापडला, वर चढला. एका वळणावर तो चुकीच्या बाजूला कलला, पण खांदा थरथरला असावा, तो सावरला आणि बरोबर वळला. रेकॉर्डरूमच्या दाराला त्याचा हात टेकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निशिगंधा रडत होती आणि हसत होती. मी पण टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मनापासून वाजवल्या.

मोठ्या साहेबांनी तारळेकरशी हस्तांदोलन केलं. घोरपडेसाहेब खुशीत म्हणाले, "तारळेकर, ही बंडी आता तुमचीच समजा. आमचे खोत रोज तुमच्यासाठी टेबल सोडून यायचे, तेही मोकळे झाले."

सगळे हसले. मी जिन्याकडे सरकलो.

तारळेकरनं चेन उघडली, बंडी काढली, नीट घडी घातली आणि निशिगंधाच्या हातात दिली. "बंडी फार चांगली आहे, साहेब," तो म्हणाला. "आज ती नसती तर मी या मजल्यावर हरवलो असतो. माझ्यासारख्या प्रत्येकाला ती मिळाली पाहिजे, हे लिहून घ्या." मग त्यानं आवाज चढवला, टेलिफोनवर नंबर पुकारायचा तसा. "खोत आहेत का इथं?"

सगळ्या माना फिरल्या. मला हो म्हणावंच लागलं.

"आता कँटीनला जायचंय. हात द्या."

"अहो, पण बंडी आहे की," घोरपडेसाहेब म्हणाले.

"कँटीनची वाट मला बंडीशिवाय येते, साहेब. पहिल्यापासून येते. ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं, आज सगळ्यांना सांगतो." एवढ्या लोकांत तो मान ताठ ठेवून उभा होता. "मला वाट नको असते. मला सोबत लागते. घरी बायको आहे, लेक आहे, तरी दिवसभर त्या खोलीत दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्या यंत्राशेजारी बसून मला एकटेपण खायला उठतं. हे येतात म्हणून मी ऑफिसला येतो. खोत, ऐकलंत का? त्या दिवशी तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

मोठे साहेब बाजूला झाले. मी त्या सगळ्या लोकांमधून पुढे गेलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते सगळ्यांना दिसत होते, एका त्याला सोडून. मी हात पुढे केला. त्यानं तो धरला.

आम्ही जिना उतरलो, जुन्या इमारतीत आलो, व्हरांड्याला लागलो. दोन माणसं हातात हात घालून चाललेली, कारण नसताना. समोरून येणारे बघत होते. तारळेकर नेहमीसारखा बडबडला नाही. तो गप्प चालत होता, आणि मला कळलं की आता बोलायची पाळी माझी आहे.

"मालूला तिखट फार लागायचं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत तिचं नाव मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "भडंगावर वरून आणखी मिरची घ्यायची. नाकातोंडातून पाणी यायचं, तरी घ्यायची."

"मग?" तारळेकर म्हणाला, आणि पाऊल जरा हळू केलं.